अकरा चाळीसचं विमान

बदलापूर गाव
१९ डिसेंबर १९४७

जयदेव,

मोठ्या भावाने धाकट्याला पत्र लिहिताना माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तुला पत्रलेखन मीच शिकवलं. ती ओळ मी मुद्दाम कोरी सोडली आहे. घाईत राहून गेली असं समजू नकोस.

आबा पाच तारखेला पहाटे गेले. कल्याणला जाऊन तार मी स्वतः केली. अग्नीला तू पोचशील अशी आशा कोणी धरली नव्हती. पण दहावा होता, तेरावा होता. तू आला नाहीस. चार ओळींचं पत्रही नाही.

दहाव्याला नदीवर काय झालं ते ऐक. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तास झाला. दही ठेवलं, वडा ठेवला, आबांची विडी ठेवली. समोरच्या बाभळीवर पाच-सात कावळे बसलेले, एक खाली उतरेना. भटजी म्हणाले, मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या, कोणीतरी बोला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "आबा, जयदेवला मी घरी आणीन." हात खाली घेतो न घेतो तोच कावळा शिवला.

म्हणजे तुझ्यासाठी मी मेलेल्या बापाला शब्द दिला. आणि तू तिकडे काश्मीरात विमानं उडवतो आहेस. रजा मिळाली नाही म्हणशील. बाप काय दोनदा मरतो?

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. काड्यापेटीच्या कारखान्यात उभं राहून राहून माझे पाय सुजायचे, पण तुझं कॉलेज सुटू दिलं नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. सांगतो एवढंच, की आता या घराचा उंबरा चढू नकोस.

कमळाकर


बदलापूर गाव
१४ सप्टेंबर १९५२

जयदेव,

पावणेपाच वर्षांनी लिहितो आहे. वरची ओळ कोरीच आहे, बघितलीस ना.

तुझी बायको सुनंदा तुझ्या वहिनीला पत्रं पाठवते, हे तुला ठाऊक असेल किंवा नसेल. वेणू ती पिठाच्या डब्यामागे लपवते. या घरात लपवायला जागा दोनच, एक ती आणि दुसरी तुळईवरची. तुळईवर माझ्या विड्या असतात. तेव्हा वेणूला वाटतं मला काही कळत नाही आणि मला वाटतं तिला विड्यांचं कळत नाही, असा आमचा संसार चालला आहे.

तर कळलं, की तू एअर फोर्स सोडलंस आणि प्रवासी विमानाच्या कंपनीत लागलास. चांगली गोष्ट. आता लोकांना इकडून तिकडे पोचवशील, त्यांच्या ट्रंकांसकट. पण सुनंदाने पुढे लिहिलंय ते वाचून माझं डोकं फिरलं. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात म्हणे, डाव्या खुर्चीत कॅप्टन बसतो आणि उजव्या खुर्चीत त्याचा मदतनीस. तुला उजवीकडे बसवलंय. कॅप्टन सांगेल तेव्हा चाकं वर घ्यायची, सांगेल तेव्हा खाली सोडायची. अरे, ज्याने लढाईत एकट्याने विमान नेलं आणि फाटकं विमान परत आणलं, त्याला मदतनीस? त्या कंपनीत कोणाला काही कळतं की नाही?

सुनंदा लिहिते, सगळ्यांनाच आधी उजवीकडे बसावं लागतं, तीन-चार वर्षांनी परीक्षा घेऊन कमांड देतात, आणि तू चेहऱ्यावर काही दाखवत नाहीस. तुझं ते लहानपणापासूनच. पडलास तरी गुडघा झाकून घरी यायचास.

फाटक्या विमानाचं मला कसं कळलं, विचारशील. एकोणपन्नास साली पेपरात यादी आली होती, तीत तुझं नाव आणि खाली दोन ओळी होत्या. ते कात्रण आबांच्या फोटोमागे आहे. मी ठेवलेलं नाही. कसं गेलं तिथे, कोण जाणे.

मी तुला क्षमा केली म्हणून हे पत्र आहे असं समजू नकोस. कमांड कधी देणार तेवढं वेणूला कळव.

कमळाकर


बदलापूर गाव
८ एप्रिल १९५५

जयदेव,

काल गावदेवीची जत्रा झाली. तुला जत्रेची तारीख आठवत असेल असं धरून मी काही बोललो होतो, ते सांगतो.

सुनंदाच्या पत्रातून कळलं होतं, की मुंबई–हैद्राबाद विमानावर तू असतोस, आणि ते आमच्या डोक्यावरून जातं. वेळ मी स्वतः काढली आहे. तीन आठवडे घड्याळ घेऊन खळ्यात उभा राहिलो. अकरा चाळीस, फार तर दोन मिनिटं इकडे तिकडे. आता मी अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात तपासनीस आहे, हे तुला माहीत नसेल. यंत्राचे सुटे भाग माझ्याकडे येतात, मी ते गेजमध्ये घालून बघतो. बसला तर पास, नाहीतर भंगार. पास झालेल्यावर माझा शिक्का उमटतो, नंबर सतरा. केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक मला चालत नाही. तेव्हा अकरा चाळीस म्हटलं की अकरा चाळीस.

पालखी देवळाबाहेर निघाली आणि मी सगळ्यांना सांगितलं, आता वर बघा, माझा भाऊ येतोय. वाजंत्री थांबवली. चारशे माणसं माना वर करून उभी. विमान आलं. उंचावरून, उन्हात चकाकत. आणि सरळ गेलं.

जनू शेजारीच उभा होता. तुझ्याबरोबर नदीत डुंबायचा तोच. तो म्हणाला, "तुजा भाव थांबला नाय रं. गावाचं सोर, तुना बी वलकत नाय तो." लोक हसले. मग मी काय बोललो ते बोललो. ते इथे लिहीत नाही.

वेणूने विचारलं, एवढे का चिडलात? चिडायला काय झालं. विमान म्हणजे काय बैलगाडी आहे, की ओळखीचं माणूस दिसलं म्हणून थांबवायची?

कमळाकर


बदलापूर गाव
२० नोव्हेंबर १९५५

जयदेव,

सोबत मानपत्राची एक प्रत आहे. नीट उलगड, कोपरे दुमडू नकोस.

हे कसं झालं ते सांगतो. आमच्या कारखान्याच्या फाटकावर हिंदुराव म्हणून पहारेकरी आहे. साताऱ्याकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला, एका पायाने लंगडतो. या पावसाळ्यात एकदा गाडी चुकली म्हणून त्याच्या टपरीत बसलो होतो. तो काश्मीरच्या गोष्टी सांगायला लागला. सत्तेचाळीसचा डिसेंबर, पहिला आठवडा. साठ माणसं एका डोंगरावर अडकलेली, तिन्ही बाजूंनी वेढा, काडतुसं संपत आलेली. तो म्हणाला, "सकाळ-दुपार दोन दोन खेपा विमानं यायची. दरीत एवढी खाली शिरायची, की आम्हाला वैमानिकाचं डोकं दिसायचं. चार दिवस ती आली म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय." मी तारीख विचारली. तो म्हणाला पाच ते आठ.

पाच तारखेला मी तार केली होती.

मी त्याला म्हणालो, त्यातल्या एका विमानात माझा भाऊ असेल. तो उठून उभा राहिला आणि मला सलाम केला. मला, जयदेव. ज्याने तुला उंबरा चढू नकोस म्हणून लिहिलं त्याला. घरी येऊन मी जेवलो नाही. वेणूला वाटलं ताप आला.

तुला सरळ पत्र लिहायला तोंड नव्हतं. म्हणून गावातर्फे मानपत्र द्यायचं ठरवलं. मजकूर माझा. पोलीस पाटील महिपतीने तो देवळाच्या पायरीवर सगळ्यांना वाचून दाखवला. एक्केचाळीस जणांच्या सह्या आणि अंगठे आहेत. छापायला उल्हासनगरला लोकूमलच्या छापखान्यात गेलो. वर विमानाचं चित्र पाहिजे म्हणालो. तो म्हणाला, "मास्टर, एरोप्लेन का ब्लॉक नहीं है. मोर है, बढ़िया मोर. वो भी तो उड़ता है." म्हणून वर मोर आहे. हसू नकोस. सोनेरी शाई त्याने आपणहून वापरली, म्हणाला, आम्ही सिंधवरून आलो तेव्हा आमची माणसं पण विमानातून उतरवली कोणी कोणी.

खालून सहाव्या ओळीत लिहिलं आहे: "श्रीगावदेवीच्या पालखीसमयी आपण आपले विमान खाली आणून, दोन्ही पंख झुकवून देवीस व ग्रामस्थांस वंदन केलेत, हे आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले." हे गावाने पाहिलं आहे. तू त्यावर विचार करत बसू नकोस.

एक प्रत काचेत बसवून देवळात लावली. एक तुझ्या कंपनीच्या मोठ्या कचेरीत रजिस्टर पोस्टाने पाठवली, म्हणजे त्यांनाही कळू दे, उजव्या खुर्चीत कोणाला बसवलंय.

वरची ओळ या खेपेला भरणार होतो. पण मानपत्र मिळाल्याचं तुझं पत्र येऊ दे, मग भरू.

कमळाकरदादा


बदलापूर गाव
१५ जानेवारी १९५६

जयदेव,

सुनंदाचं पत्र आलं. या वेळी वेणूला नाही, मला. पाकिटावर माझं नाव बघून वेणूनेही ते डब्यामागे ठेवलं नाही.

सुनंदाने एक शब्द वाकडा लिहिलेला नाही, म्हणून जास्त लागला. परीक्षेत तू पहिला आलास. एक जानेवारीपासून डाव्या खुर्चीत बसणार होतास, गणवेश शिवून आला होता. आणि माझ्या मोराच्या कागदावरून चौकशी लागली. माणसांच्या गर्दीवर प्रवासी विमान खाली आणणं हा गुन्हा आहे, लायसन जातं, हे मला कुठे माहीत? मला वाटलं, देवाला नमस्कार केला म्हटल्यावर साहेब खूष होईल. आपल्या लोकांना मोठेपणा सांगायचा म्हटला की आधी देव आठवतो. गावात कोणी लष्करातून आला तरी त्याने किती माणसं वाचवली हे कोणी विचारत नाही, आल्यावर पहिला देवळात गेला का, हे विचारतात.

त्या दिवशीचा गोरा कॅप्टन नोकरी संपवून विलायतेला गेला. म्हणजे साक्षीला तू एकटा. तू लिहून दिलंस की विमान खाली आलं नाही. साहेबाने विचारलं, मग तुमचा सख्खा भाऊ आणि एक्केचाळीस माणसं खोटं बोलतात? आणि तू उत्तर दिलंस, "विमानाचं मी सांगितलं. भावाला मी खोटा म्हणणार नाही. ते मला वडिलांच्या जागी आहेत."

एवढंच म्हणालास. गाढवा, एक शब्द बोलला असतास तर सुटला असतास. आठ वर्षं ज्याला पत्र लिहिलं नाहीस त्याच्यासाठी डावी खुर्ची सोडायला निघालास?

आता जे एप्रिलमध्ये लिहिलं नाही ते लिहितो. जनू बोलला, लोक हसले, तेव्हा मी म्हणालो, "सरळ कुठे गेलं? पंख झुकवले त्याने. तुझं लक्ष वाजंत्र्याकडे होतं." म्हणालो आणि घाबरलो, चारशे माणसांनी बघितलेलं. पण ठमाबाई पुढे आली. आपल्या शेजारची ठमाबाई, मोतीबिंदू झालेली, दाराशी बकरी की माणूस हेही तिला आवाजावरून कळतं. ती म्हणाली, "व्हय, मी बगलाय. खिरकीत बसलेला तो. हात जोरलेलं." तिने बघितलं म्हटल्यावर दुसऱ्यानेही बघितलं. दिवाळीपर्यंत सगळ्या गावाने बघितलं होतं. जे जत्रेला नव्हते त्यांनी तर जास्तच खालून गेलेलं बघितलं. शेवटी जनूनेही मानपत्रावर अंगठा केला. आणि खरं सांगतो, लिहिताना मलाही ते दिसत होतं.

विमान सरळ गेलं होतं. मी बघत होतो. माझ्यासारखं नीट दुसऱ्या कोणी बघितलंच नव्हतं.

रोज दोनशे सुटे भाग तपासतो मी, एक खोटा सोडत नाही. आणि माझ्या भावाच्या नावावर हा भाग पास करून दिला. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आबांना शब्द दिला होता, जयदेवला घरी आणीन. त्यानंतर पाचव्या दिवशी तुला मीच लिहिलं, उंबरा चढू नकोस. म्हणजे शब्द मोडला कोणी?

मंगळवारी रजा काढून तुझ्या साहेबाकडे जातो आहे. सुनंदाला सांग, गणवेश कपाटात ठेवू नकोस म्हणावं, बाहेर टांगून ठेव.

दादा


बदलापूर गाव
१२ फेब्रुवारी १९५६

जयदेव,

वरची ओळ आज माझ्या लायकीअभावी कोरी आहे.

तुझे साहेब माणूस बरे आहेत. मराठी चांगलं समजतात. मी सगळं सांगितलं, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत, मध्ये पाणी प्यायलो नाही. त्यांनी विचारलं, काय काम करता? मी सांगितलं, सरकारी कारखान्यात तपासनीस. ते म्हणाले, "तपासनीस, आणि खोट्या कागदावर सही? हे तुमच्या कारखान्याला कळवलं तर?" मी म्हणालो, "कळवा. शिक्का नंबर सतरा. नाव-पत्ता लिहून देतो." मग ते म्हणाले, "भावाला वाचवायला आता खोटं बोलताय, की तेव्हा त्याला मोठा करायला बोलला होतात, हे मी कसं ओळखू?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या जागी असतो तर हाच भाग बाजूला काढला असता.

शेवटी त्यांनीच तोड सांगितली. मानपत्र जिथे वाचलं तिथेच, तेवढ्याच लोकांसमोर, हा कबुलीजबाब वाचायचा. पोलीस पाटलाची सही आणायची. कोणी आक्षेप घेतला तर तोही लिहून आणायचा.

रविवारी सकाळी महिपतीने दवंडी दिली. देवळासमोर जत्रेला नव्हती एवढी माणसं जमली. मी पायरीवर उभा राहिलो. या गावात कमळाकर मास्तर म्हणतात मला, शाळेत शिकवत नसलो तरी. मोजणीला, वाटणीला, भांडणाला मला बोलावतात, हा खोटं बोलणार नाही म्हणून. वेणू पुढे बसली होती, तिच्याकडे बघून वाचलं. विमान सरळ गेलं. पंख झुकले नाहीत. मी कमळाकर याने चिडून खोटं सांगितलं आणि खोटं लिहिलं.

वाचून झालं. वाटलं होतं थुंकतील. आणि काय झालं असेल? कोणी विश्वासच ठेवला नाही.

जनू उठून म्हणाला, "सायेबाच्या धाकान बोलतंय यो. भावाची नोकरी वाचवाला." दुसरा म्हणाला, आमच्या पोराबाळांनी बघितलंय, तू कशाला आपल्या तोंडाला काळं फासतोस. ठमाबाई तर काठी टेकत पायरीपर्यंत आली. "मना आंधली समजतंस काय रं? माज्या डोल्यानी बगलाय. खिरकीत व्हता, हात जोरून." मी म्हणालो, आजी, विमान आभाळात एवढंसं दिसत होतं, त्यात माणूस कसा दिसेल? तर म्हणे, "तुना नसंल दिसला. तुजं मन सोच्च नवतं."

चाळीस माणसांना मी एकेक करून विचारलं. तपासणीला बसल्यासारखं. विमान देवळाच्या कळसाहून वर होतं की खाली? कोणत्या बाजूचा पंख आधी झुकला? एकाचं दुसऱ्याशी जमेना. एक म्हणे उजवा, एक म्हणे डावा, एकाच्या मते विमान गोल फिरून परत गेलं. मग तेच एकमेकांकडे बघायला लागले. दुपारपर्यंत जनू खाली बसला आणि म्हणाला, "मास्तर, खरा सांगू? मना पन सरलच गेलेला दिसला. पन तू बोललास म्हनून..." मग बाकीचे. चाळीस अंगठे परत घेतले. ठमाबाईने घेतला नाही. महिपतीने लिहिलं, "एक वृद्ध स्त्री, दृष्टी अधू, म्हणण्यावर ठाम."

देवळातली काच मी उतरवली. लोक मला आता मास्तर म्हणतात, पण थोडं थांबून म्हणतात. हरकत नाही. कारखान्यातही मी आपणहून सांगितलं. तीन महिने शिक्का काढून घेतलाय, तेवढे दिवस लेथवर. हिंदुराव फाटकावर तसाच सलाम करतो.

कागद परवा साहेबांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुमच्या भावाचा कागद तुमच्याआधीच खरा वाटला होता मला. पण कागदावर वाटून चालत नाही." मी म्हणालो, साहेब, हे मला सांगू नका, माझा धंदाच तो आहे.

दादा


बदलापूर गाव
९ मे १९५६

जयदेव,

तू आलास आणि मी घरी नव्हतो.

शिक्का परत मिळाल्यावर पहिलंच काम म्हणून गेज घेऊन खडकीला पाठवलं होतं मला. संध्याकाळी आलो तर वेणू ओट्यावर बसलेली, रडून डोळे सुजलेले आणि तोंडभर हसत. मला आधी वाटलं कोणी गेलं.

तिने सांगितलं ते असं. दोन तास होते तुला. गणवेशात आलास. उंबऱ्यापाशी थांबलास आणि म्हणालास, "वहिनी, दादाने चढू नकोस म्हणून लिहिलंय." वेणूने हाताला धरून ओढलं, म्हणाली, दादाला काय कळतंय. मग आबांच्या फोटोपुढे टोपी ठेवलीस, मागचं कात्रण तुझ्या हाताला लागलं, तू वाचून परत तिथेच सरकवलंस. नंतर एकटा नदीवर गेलास, आबांच्या दहाव्याच्या जागी. परत आलास तेव्हा बूट ओले होते. तार तुला आठ दिवसांनी मिळाली होती हेही तिला सांगितलंस. मग मला का नाही सांगितलंस रे? तू लिहायला बसण्याआधी माझं पत्र पोचलं असेल. त्यानंतर कोण कशाला खुलासा देईल, बरोबर आहे.

कॅप्टन. हा शब्द मी आज कारखान्यात निदान वीस वेळा उच्चारला. फोरमनला म्हणालो, आमचा कॅप्टन येऊन गेला. लेथवरच्या पोरांना म्हणालो. लोकूमलला मुद्दाम उल्हासनगरला उतरून सांगितलं, तर तो म्हणाला, मास्टर, आता विमानाचा ब्लॉक आणून ठेवतो. मी म्हणालो, नको बाबा, मोरच बरा.

पण मुख्य गोष्ट ठमाबाईची. मी हातपाय धुतो आहे तोवर ती काठी आपटत अंगणात हजर. "बगलास? मना आंधली म्हनत व्हतास." मला काही कळेना. वेणूने सांगितलं. तू निघताना ठमाबाई आली, तुझ्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या बोटांनी चाचपल्या, आणि विचारलं, "काय रं, जत्रेच्या दिसाला हात जोरलं व्हतंस ना?" वेणू मध्ये पडणार होती, आजी जाऊ दे म्हणून. तर तू म्हणालास, "हो आजी. जोडले होते."

वेणूला वाटलं म्हातारीचं मन राखतोयस. पण तू पुढे बोललास. म्हणालास, नदीचं वळण दिसलं की त्याच्या पोटात आपलं खळं असतं हे कळतं. उजव्या खुर्चीत होतास, दोन्ही हात मोकळे असायचे. दर खेपेला जोडायचास. जत्रेलाही जोडलेस. गोरा कॅप्टन विचारायचा, खाली कोणतं देऊळ आहे? तू म्हणायचास, देऊळ नाही, घर आहे. आणि आता डावीकडे बसतो, म्हणालास, एक हात कामात असतो, म्हणून एकाच हाताने करतो.

जयदेव, एक्केचाळीस साक्षींतली एकच खरी होती. मी बसून चाळीस खोट्या काढल्या आणि ती एक्केचाळिसावीही भंगारात टाकायला निघालो होतो. म्हातारीला कसं दिसलं, मी विचारत नाही आता. तिचं ती म्हणते, मन स्वच्छ लागतं.

मी रात्रभर तेच धरून बसलो. तू वरून नमस्कार करत होतास आणि खाली मी घड्याळ बघत होतो. चार वर्षांत किती खेपा झाल्या असतील. धाकट्याने नमस्कार केला की मोठ्याने आशीर्वाद द्यायचा असतो. तू एकही खेप चुकवली नाहीस आणि मी पत्राचा माथा कोरा ठेवत राहिलो.

आता तुझ्या फेरीच्या वारांना अकरा चाळीसला मी कारखान्याच्या अंगणात येतो. फोरमनने पाच मिनिटं दिली आहेत, हिंदुरावही फाटक सोडून येतो. तू सरळ जा. पंख हलवू नकोस, मला परत साहेबांकडे जायची हौस नाही.

आणि एक काम कर. तू परवा आपल्या पायांनी आलास, मी आणलं नाही. आबांना मी म्हणालो होतो, आणीन. तेव्हा पुढच्या खेपेला गाडी कोणती ते कळव. मी बदलापूर स्टेशनवर घ्यायला येतो, पुढे घरापर्यंत तुझी बॅग मी धरणार. सुनंदालाही आण.

वरची ओळ याही पत्रात कोरी बघून वेणू रागावली. तिला म्हटलं, एवढ्या वर्षांचं त्या एका ओळीत मावत नाही, खाली लिहितो.

कॅप्टन चिरंजीव जयदेव यास, दर खेपेचा एक याप्रमाणे, कमळाकरदादाचे आशीर्वाद.